चौथ्या पासला बिट का तुटतो? सीएनसी राउटरवर जाड प्लास्टिक कापणाऱ्यांसाठी

"दादा, परत तुटला."

कराडहून फोन होता. काय तुटलं ते विचारायची गरजच नव्हती, कारण त्या आठवड्यातला हा तिसरा फोन. पाठोपाठ फोटो आला. टेबलावर ओळीने मांडलेले पाच बिट, सगळे साधारण एकाच उंचीवर मोडलेले आणि प्रत्येकाच्या फ्लूटमध्ये, म्हणजे धारेलगतच्या खोबणीत, पांढरट, चिवट गोळा घट्ट बसलेला. जॉब साधाच: २० मिमी कास्ट अ‍ॅक्रिलिकचे ट्रॉफीचे बेस. पहिले तीन पास, म्हणजे थराथराने खोल जाणाऱ्या फेऱ्या, लोण्यासारखे जातात, चौथ्याला आवाज बदलतो, गोडसर जळका वास येतो आणि टक्.

तोवर त्याने काय काय करून पाहिलं होतं? बिटची कंपनी दोनदा बदलली. महागातला बिट मागवला. फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, कमी केला, मग अजून कमी केला. कोणीतरी सांगितलं म्हणून आरपीएम, म्हणजे बिटच्या मिनिटाच्या गिरक्या, वाढवला. यातली प्रत्येक गोष्ट त्याला खड्ड्यात आणखी खोल नेत होती. असाच फोन मला साइनबोर्डवाल्यांकडून येतो, एचडीपीई या चिवट प्लास्टिकचे मशीन पार्ट करणाऱ्यांकडून येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

मी त्याच्याकडे तीन गोष्टी मागितल्या. मुठीत कीस धरून त्याचा फोटो. कोलेटच्या (बिट आवळून धरणाऱ्या चिमट्याच्या) नटपासून टोकापर्यंत बिट किती बाहेर आहे त्याचं माप. आणि एक फेरी मारायला मशीनला खरोखर किती वेळ लागतो ते घड्याळ लावून. बिट कोणता वापरतोस हे शेवटी विचारलं.

आधी कीस बघा

त्याच्या मुठीत कीस नव्हताच, भुसा होता. पिठीसाखरेसारखा, आणि मध्ये मध्ये चिकटलेल्या गुठळ्या. इथेच अर्धं निदान झालं.

प्लास्टिक नीट कापलं जात असेल तर सुट्या चकत्या पडतात, किंचित वळलेल्या, बोटात धरता येतील अशा. हातावर घेतल्या तर कोमट लागतात, चटका देत नाहीत. भुसा पडतोय म्हणजे बिट कापत नाही, घासतोय. लांब चिकट तार निघत असेल तर प्लास्टिक कापण्याआधीच मऊ पडलंय. आणि कापून झालेल्या खाचेत मागे वळून पाहिल्यावर खाच बुजलेली दिसली, वितळून परत जोडली गेलेली, तर पुढच्या पासला बिट तुटणार हे लिहून ठेवा.

बोथट किसणीवर खोबरं घासलं की कीस पडत नाही, लगदा होतो. आणि लगदा होतोय म्हणून कोणी हात हळू चालवत नाही, किसणी बदलतो किंवा जोर लावतो. मशीनवर मात्र आपण नेमकं उलटं करतो: वितळतंय म्हटलं की फीड कमी.

घर्षणाने तयार झालेल्या उष्णतेला जायला तीन वाटा असतात. मालात, बिटात, किंवा किसाबरोबर बाहेर. अ‍ॅल्युमिनियम कापताना माल बरीचशी उष्णता पिऊन टाकतो. अ‍ॅक्रिलिकची उष्णता वाहून न्यायची क्षमता अ‍ॅल्युमिनियमच्या हजाराव्या भागाइतकीच आहे, म्हणजे ती वाट बंदच समजा. बिट तापला तर तो पुढचं प्लास्टिक वितळवतो. उरला कीस. जाड कीस जास्त उष्णता उचलतो आणि लगेच बाहेर फेकला जातो. पातळ भुसा काहीच उचलत नाही, वर खाचेत पडून राहतो आणि बिट त्यालाच पुन्हा पुन्हा दळतो. अ‍ॅक्रिलिक मऊ पडायला साधारण १०० अंश सेल्सिअस पुरतात, म्हणजे चहाच्या आधणाइतकी उष्णता. एचडीपीई १३० च्या आसपास वितळतं, पॉलिकार्बोनेट १४५-१५० ला नरम होतं, कडक पीव्हीसी तर ८० लाच ढिलं पडतं. फिरणाऱ्या कार्बाइडच्या धारेला हे आकडे गाठायला काही सेकंद लागतात.

एक भागाकार

फीड भागिले आरपीएम, भागिले फ्लूट. येणारा आकडा म्हणजे एका धारेने बिटच्या एका गिरकीत घेतलेला घास. याला चिपलोड म्हणतात.

त्याचा बिट ६ मिमीचा, दोन फ्लूटचा. १८,००० आरपीएम, फीड १,००० मिमी प्रति मिनिट. १,००० भागिले ३६,०००, म्हणजे ०.०२८ मिमी. झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिमीच्या आसपास असतो. कागदाच्या पावभाग जाडीचा घास घ्यायला सांगितला तर धार मालात शिरतच नाही, वरून घसरते. नव्या कोऱ्या बिटच्या धारेलाही थोडी गोलाई असते, आणि घास जितका पातळ तितकी ती जास्त नडते.

६ मिमीच्या एका फ्लूटच्या बिटला अ‍ॅक्रिलिकमध्ये ०.१ ते ०.२ मिमीचा घास द्यायचा. एचडीपीई, पीपी यांना थोडा जास्त, ०.१५ ते ०.२५. ३ मिमीच्या बिटला ०.०५ ते ०.१ द्या, त्याच्या वर जाऊ नका, तो नाजूक असतो. हे आकडे सुरुवातीचे आहेत. मशीन किती भक्कम आहे त्यावर पुढे-मागे होतात.

आता हाच भागाकार उलटा करा. १६,००० आरपीएम, एक फ्लूट, घास ०.१५. फीड हवा २,४०० मिमी प्रति मिनिट. हा आकडा सांगितला की समोरचा माणूस फोनवर गप्पच होतो. "दादा, आमचं मशीन तेवढ्यावर थरथरतं." मग फीड कमी करण्याऐवजी आरपीएम खाली आणा. १२,००० आरपीएमला १,८०० फीडमध्ये तोच ०.१५ चा घास मिळतो. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या २४,००० आरपीएमच्या स्पिंडलला (बिट फिरवणाऱ्या मोटरला) ४०० हर्ट्झ लागतात, म्हणजे व्हीएफडीवर (त्या मोटरचा वेग ठरवणाऱ्या डब्यावर) २०० हर्ट्झ दिसले की १२,००० आरपीएम. पुष्कळ व्हीएफडी हर्ट्झच दाखवतात आणि ऑपरेटर ३०० वाचून "तीनशेवर ठेवलाय, कमीच आहे" म्हणतो. ते १८,००० असतात. मात्र ८,००० च्या खाली या स्पिंडलमध्ये जीव राहत नाही, आणि हवेवर थंड होणाऱ्या स्पिंडलचा पंखा शाफ्टवरच असल्यामुळे कमी आरपीएमला तो स्वतःच तापतो. १०,००० ते १८,००० च्या मध्ये खेळा.

आमच्या शिरोलीत डावीकडे फाउंड्री, उजवीकडे व्हीएमसीचं, म्हणजे धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनचं, शॉप. लोखंड कापण्यात उभी हयात घातलेली माणसं. त्यांच्या हाताला लागलेली सवय अशी की गरम होतंय, धूर येतोय, तर आधी फीड मागे घे. प्लास्टिकवाल्याला हाच सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो आणि तिथेच तो फसतो. त्यांच्या कामात ते चूक नाहीत. फक्त त्यांच्या कूलंटच्या धारेखाली वितळणारा माल नसतो.

बिट कोणता

आता दुकानात उभे राहा. फ्लूट किती, ते आधी बघा. जाड प्लास्टिकला एक. एक फ्लूट असला की बिटच्या पोटात मोठी पोकळी राहते आणि कीस तिथून वर चढतो. दोन फ्लूटमध्ये प्रत्येक पोकळी लहान, शिवाय तोच घास द्यायचा तर फीड दुप्पट. तीन-चार फ्लूटचे एंडमिल लोखंडाच्या शॉपमधून उधार आणून प्लास्टिकवर चालवणारे मी पाहिलेत. ३ मिमीच्या शीटवर जमतं, म्हणून धीर येतो. २० मिमीवर पहिल्याच फेरीत गोळा.

या एका फ्लूटच्या बिटला ओ-फ्लूट म्हणतात, कारण आतली बाजू गोल, आरशासारखी घासलेली असते. ती चकाकी शोभेची नाही. खरखरीत पृष्ठभागाला मऊ प्लास्टिक चिकटतं, गुळगुळीतवरून सरकतं. बिट उजेडात फिरवून आत बघा. घासणीच्या आडव्या रेषा दिसल्या तर परत द्या. आणि सोनेरी, काळ्या कोटिंगला भुलू नका. कोटिंगचा थर धारेवरही चढतो आणि धार तेवढी गोल होते. लोखंडाला ते चालतं, प्लास्टिकला कोरी, कोटिंग नसलेली धार लागते. अ‍ॅल्युमिनियमसाठीचा एका फ्लूटचा बिट दिसायला सारखाच असतो आणि अडल्या वेळी कास्ट अ‍ॅक्रिलिकवर चालूनही जातो. मऊ एचडीपीईवर मात्र प्लास्टिकसाठीचाच घ्या, त्याची धार जास्त तिरकी, जास्त तीक्ष्ण असते.

मग पीळ. अपकट बिट कीस वर उचलतो, डाउनकट खाली दाबतो. डाउनकटने वरची कड सुरेख येते, म्हणून साइनबोर्डवाल्यांचा तो लाडका. पण २० मिमी खोल खाचेत खाली दाबलेला कीस जाणार कुठे? तळाशी टेबलावर अंथरलेला एमडीएफ. तिथे तो दाबला जातो, तापतो, वितळतो. जाड मालाला अपकटच. कॉम्प्रेशन बिट प्लायवूडसाठी बनलेत, तिथेच राहू द्या. अपकटची एक खोड आहे, तो जॉबही वर उचलतो. २० मिमी अ‍ॅक्रिलिकच्या एका चौरस मीटरचं वजन २४ किलोच्या जवळ भरतं, त्यामुळे अख्खी शीट उचलली जात नाही. शेवटच्या पासला सुटणारा छोटा तुकडा मात्र उडतो. त्याचं पुढे सांगतो.

लांबी. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. माणूस विचार करतो, ४२ मिमी धारेचा बिट घेऊ, सगळ्याला चालेल. बिट किती वाकतो हे तो कोलेटमधून किती बाहेर आहे त्याच्या घनावर ठरतं. २५ मिमी बाहेर असलेला आणि ४५ मिमी बाहेर असलेला बिट, दोघांवर सारखाच जोर आला तर दुसरा जवळपास सहापट वाकतो. वाकला की थरथरतो, थरथरला की घास एकसारखा राहत नाही, कडेवर लाटा उमटतात आणि एक दिवस तो मोडतो. मालाच्या जाडीपेक्षा दोन-तीन मिमी जास्त धार, बस. २० मिमीला २२ ची. कराडच्या बिटची धार ३२ मिमीची होती आणि कोलेटबाहेर तो ४० मिमी लोंबत होता.

जाडीचा हिशेब याहून टोकाचा. वाकणं व्यासाच्या चौथ्या घातात कमी होतं. ६ ऐवजी ८ मिमीचा बिट तिपटीहून ताठ, १२ चा सोळापट. आतले कोपरे परवानगी देत असतील तर २० मिमीच्या वरच्या प्लास्टिकला ८ किंवा १० मिमीचाच घ्या. अडचण कोलेटची. ईआर-२० मापाच्या कोलेटमध्ये १३ मिमीपर्यंत शँक, म्हणजे बिटचा दांडा, बसते, ईआर-११ मध्ये ७ मिमीला दम संपतो. लहान स्पिंडलवाल्यांना म्हणून ६ वरच भागवावं लागतं.

कोलेटवरून आठवलं. बाजारात ६ मिमी शँकचे बिट मिळतात आणि दोन सुताचे, म्हणजे पाव इंची, ६.३५ मिमीचेही. दोघे एकाच डबीत पडलेले असतात. दोन सुताच्या कोलेटमध्ये ६ मिमीची शँक आवळली जाते, पण नीट पकडली जात नाही. बिट डोलतो, कधी कधी कापता कापता खाली सरकतो आणि एमडीएफमध्ये घुसतो. डायल गेज लावून हाताने स्पिंडल फिरवा. शँकवर ०.०२ मिमीच्या आत डोल असेल तर ठीक. ०.०५ च्या वर गेला की कोलेट काढा, आतल्या चिरांमधला चिकटलेला कीस पितळी ब्रशने साफ करा, कोलेट आधी नटमध्ये टक् आवाज येईपर्यंत बसवा आणि मगच स्पिंडलवर चढवा. कोलेट सुटं ठेवून वरून नट आवळणारे खूप आहेत. पाचशे-सातशे रुपयांचा बिट बदलायला आपण मागेपुढे पाहत नाही, कोलेट मात्र मशीनबरोबर आलेलंच वर्षानुवर्षं.

आणखी एक शिस्त. जो बिट एकदा प्लायवूड किंवा एमडीएफवर गेला, तो प्लास्टिकसाठी संपला. त्यातला गोंद धार खातो. डोळ्यांना दिसत नाही, अ‍ॅक्रिलिकला लगेच कळतं. आमच्याकडे प्लास्टिकच्या बिटच्या शँकला लाल टेपची पट्टी असते आणि लाल पट्टीचा बिट लाकडावर लावला की चहा त्याच्याकडून.

खाच रुंद करा

बरोबर बिट, बरोबर घास, तरीही चौथ्या पासला अडतं, असं २० मिमीच्या पुढे होतंच. कारण ६ मिमीच्या बिटने ६ मिमीचीच खाच पाडली तर १५ मिमी खोलीवरून कीस वर यायला जागा एकच, बिटची स्वतःची पोकळी. दोन्ही बाजूंना भिंती. कॉम्प्रेसरची हवाही तळापर्यंत पोचत नाही.

खाच बिटपेक्षा दीड-दोन मिमी रुंद ठेवली की बाजूने फट मिळते आणि हवेचा फवारा सगळं उडवून लावतो. बिट प्रत्येक वेळी दोन्ही भिंतींना घासतही नाही. थोडा माल जास्त जातो, वेळही थोडा जास्त लागतो. मोडलेल्या बिटपेक्षा स्वस्तच.

व्हीकार्व्ह किंवा अस्पायर या सॉफ्टवेअरमध्ये करताना एक चूक हमखास होते. लोक दोन प्रोफाइल टूलपाथ (कडेने फिरणारे मार्ग) बनवतात, एक १.५ मिमी अलाउन्सचा (कडेला तेवढा माल शिल्लक ठेवणारा) आणि एक शून्याचा, आणि पहिला तळापर्यंत चालवून मग दुसरा लावतात. पहिला चालतो तेव्हा खाच अरुंदच असते, त्यामुळे बिट तिथेच तुटतो. त्याऐवजी जॉबच्या रेषेला बाहेरून ८ मिमी ऑफसेट द्या आणि दोन रेषांच्या मधल्या पट्टीला पॉकेट टूलपाथ (आतला सगळा माल काढणारा) लावा, अलाउन्स ०.३ मिमी. आता प्रत्येक थराला बिट आधी रुंदी मोकळी करतो, मगच खाली उतरतो. खाच पडते ७.४ मिमीची. एका पासची खोली ४ मिमी, फार तर बिटच्या व्यासाइतकी. खाली उतरताना सरळ भोसकू नका, तिरका रॅम्प द्या. जागेवर उभा राहून फिरणारा बिट म्हणजे इस्त्री.

पॉकेट तळापासून अर्धा मिमी वर थांबवा. मग शेवटचा प्रोफाइल पास, पूर्ण खोलीवर एकाच फेरीत, कडेचा तो ०.३ मिमी आणि तळाचा पापुद्रा काढत जाणारा. पासच्या आडव्या रेषा यात निघून जातात. या पासला फीड कमी करण्याचा मोह होतो, कारण आता कड दिसणार असते. करू नका. एवढ्या पातळ कडेवर बिटचा खरा घास आपोआप निम्म्याहून कमी होतो. फीडही पाडलात तर पुन्हा घासणं सुरू, आणि कड दुधाळ होते. लहान जॉब असतील तर या पासला टॅब, म्हणजे तुकडा धरून ठेवणारे न कापलेले छोटे पूल, ठेवा, किंवा पापुद्रा ०.३ मिमी शिल्लक ठेवून नंतर ट्रिमरने साफ करा. जॉब हवेने ओढून धरणारं व्हॅक्यूम टेबल असेल तर प्रश्नच नाही.

शीटची जाडी वर्नियरने चारही कोपऱ्यांत मोजा. कास्ट शीट कधीच कागदावरच्या जाडीची नसते, आणि एकाच शीटमध्ये एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ निघते. पावसाळ्यात खालचा एमडीएफही फुगतो. जून आला की बेड पुन्हा सरफेस, म्हणजे कापून सपाट, करून घ्या.

स्क्रीनवरचा फीड आणि खरा फीड

आता त्या घड्याळाकडे. कराडच्या बेसची एक फेरी सुमारे ४०० मिमीची. चार पासचे १,६०० मिमी. १,००० च्या फीडला दीड मिनिटाच्या थोडं वर लागायला हवं होतं. त्याचं घड्याळ म्हणालं दोन मिनिटं चाळीस सेकंद.

मशीन चालवायच्या हातातल्या डीएसपी कंट्रोलरवर स्पीड स्केल, म्हणजे फीडला लागणारा गुणक, ०.६ वर होता. कधीतरी भीतीपोटी कमी केलेला, परत कोणी वाढवलाच नाही. म्हणजे खरा फीड ६०० आणि खरा घास ०.०१७ मिमी. आम्ही दोघं तासभर १,००० धरून हिशेब करत होतो.

हा झाला ढोबळ दोष. याचाच छुपा भाऊ म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन. २,४०० चा फीड म्हणजे सेकंदाला ४० मिमी. मशीनचं अ‍ॅक्सिलरेशन १०० मिमी प्रति सेकंद वर्ग असेल तर तो वेग पकडायला ८ मिमी लागतात आणि थांबायला आणखी ८. ज्या रेषेची लांबीच १६ मिमीपेक्षा कमी, तिथे तो फीड कधीच येत नाही. देवनागरी अक्षरं कापणाऱ्यांना हे रोजचं आहे: वेलांटी, उकार, रफार, सगळीकडे मशीन मंदावतं आणि वितळल्याची खूण नेमकी तिथेच दिसते. सरळ शिरोरेषा स्वच्छ, आणि उकाराच्या आत गोळा. लोकांना वाटतं शीट खराब. मशीन चालवायला माक३ हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर एग्झॅक्ट स्टॉप (प्रत्येक वळणावर थांबणं) बंद करून कॉन्स्टंट व्हेलॉसिटीवर ठेवा. ड्रॉइंगमधले हजारो छोटे तुकडे जोडून खरे आर्क, म्हणजे सलग कंस, करा. आणि छोट्या नक्षीसाठी वेगळा टूलपाथ, कमी आरपीएमचा. नक्षीत मशीन मंदावणारच असेल, तर स्पिंडलही मंदावलेला बरा.

दुसऱ्या दिवशी दिसणारा दोष

बिट तुटत नाही, कड चकचकीत आली, जॉब चिकटवून दिला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन: जोडापासून आत बारीक बारीक चिरा गेल्यात, जाळं पडल्यासारख्या. आणि आपण शिव्या घालतो जोडायला वापरलेल्या क्लोरोफॉर्मला.

क्लोरोफॉर्म निमित्त. कापताना कड तापली, मऊ पडली, मग वरून लगेच थंड झाली, त्यात ताण कोंडून राहिला. अशा कडेला क्लोरोफॉर्म, थिनर, पेट्रोल, अगदी स्पिरिटचा बोळा जरी लागला तरी ताण चिरांच्या रूपाने बाहेर येतो. ज्योतीने कड पॉलिश करणाऱ्यांच्या बाबतीत तर हे जास्तच, कारण ज्योत आणखी ताण भरते. आधी पॉलिश मग जोड, हा क्रम म्हणूनच घातक.

इलाज दोन. एक, कड तापूच न देणं, म्हणजे वरचं सगळं. दोन, जाड आणि महागाचा जॉब असेल तर जोडण्याआधी ओव्हनमध्ये साधारण ८० अंशांवर काही तास ठेवून, ओव्हनमध्येच हळूहळू थंड होऊ देणं. दार उघडून घाई करू नका. पुसायला साबणाचं पाणी. कापताना थंडावा हवा असेल तर नुसती हवा, किंवा हवेबरोबर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा. लोखंडाचं कटिंग ऑइल अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटपासून लांब ठेवा. पॉलिकार्बोनेटला तर काच पुसायच्या अमोनियाच्या द्रावणाचंही वावडं आहे.

एवढं करूनही गोळा होत असेल तर शीट कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली, आहे का ते विचारा. एक्स्ट्रुडेड, म्हणजे मशीनमधून दाबून काढलेली, शीट दिसायला तीच, किमतीला कमी, पण लवकर मऊ पडते आणि तारा सोडते. लेझर असेल तर तुकड्यावर अक्षर कोरून बघा: कास्ट पांढरं उमटतं, एक्स्ट्रुडेड पारदर्शकच राहतं. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा हे बरं.

बाकीचे प्लास्टिक

एचडीपीई कापायला सोपं, मापात ठेवायला अवघड. मीटरभर लांबीला दहा अंशांच्या फरकाने एक ते दोन मिमी वाढतं. दुपारी उन्हात आलेली शीट लगेच टेबलावर घेतली तर संध्याकाळी भोकं जुळत नाहीत. रात्रभर शॉपमध्ये ठेवा. नायलॉन पावसाळ्यात हवेतली ओल पितं आणि फुगतं. कोकणातल्या एकाचे बुश दर जुलैत घट्ट व्हायचे, त्यात बिटचा काही दोष नव्हता. डेलरिन म्हणजे अ‍ॅसिटल, कापायला सगळ्यात गुणी, एका फ्लूटने सुरेख कीस देतं. जळला तर मात्र डोळे झोंबवणारा वायू निघतो.

पीव्हीसी जळाल्याचा वास आला तर मशीन ताबडतोब थांबवा. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, ती छातीलाही वाईट आणि मशीनच्या गाइडलाही, चार दिवसांत गंज दिसतो. हायलम (कागद-कापड आणि राळेची कडक शीट) आणि काचतंतू भरलेलं नायलॉन हा वेगळाच विषय. तिथे वितळण्यापेक्षा धार झिजण्याचा प्रश्न मोठा असतो, त्यामुळे आरशासारखा ओ-फ्लूट तिथे नेऊन वाया घालवू नका.

कराडचं पुढे काय झालं? ईआर-११ चा स्पिंडल, म्हणून ८ मिमी शक्य नव्हता. ६ मिमी, एक फ्लूट, अपकट, २२ मिमी धार, कोलेटबाहेर २५ मिमी. २०० हर्ट्झ, १,८०० फीड, ४ मिमीचा पास, ७.४ मिमीची खाच, मागून कॉम्प्रेसरची नळी. स्पीड स्केल १.०. पहिला बेस कापताना त्याने व्हिडिओ कॉल लावला होता. पांढऱ्या चकत्या भिंतीवर उडत होत्या आणि तो ओरडत होता, "दादा, फार जोरात जातंय, थांबवू का?"

साठ बेस एकाच बिटवर झाले. आता त्याची तक्रार वेगळी आहे: चकत्या शॉपभर होतात आणि स्थिर विजेने कपड्यांना चिकटतात, घरी बायको आत घेत नाही.